आत्याचं ऊन पाणी

माझ्या आत्याचा देवावर, पुढाऱ्यांवर आणि लग्न जुळवणाऱ्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. या जगात तिची श्रद्धा होती ती फक्त ऊन पाण्यावर. पोटापाण्यासाठी ती नर्स होती, पण मुळात ती ऊन पाण्याची प्रचारकच होती. मे महिन्यात जबलपूरचे कावळेसुद्धा चोच वासून बसतात, तेव्हा आत्या ओमती मोहल्ल्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या दारात बसून स्टीलच्या पेल्यातून वाफाळतं पाणी फुंकून फुंकून पीत असे. कुणाला पडसं झालं, कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाची सून माहेरी निघून गेली, तरी ती ऐकता ऐकता उठायची आणि स्टोव्हवर पातेलं चढवायची. एकदा गटारीवरून माझे बाबा आणि शेजारचे मिश्राजी यांचं बोलणं बंद झालं, तर तिनं दोघांनाही अंगणात समोरासमोर बसवलं आणि एकाच टबात दोघांचे पाय बुडवायला लावले. पाणी असं कढत, की दोघंही लालबुंद झाले, पण आधी पाय काढायला कुणी तयार होईना. शेवटी मिश्राजीच म्हणाले, "भाईसाहब, साथ में निकालें?" त्या दिवसापासून गटारीचा विषय निघाला नाही. पनागरहून भाजी घेऊन येणारी बाई तिला मटार द्यायला नाखूश असे, कारण आत्या तिच्यासमोरच शेंगा ऊन पाण्यात बुडवून धूत असे. "दीदी, मटर को बुखार चढ़ जाएगा," असं ती बिचारी कळवळून म्हणायची. आणि पाटनहून आलेलं एक चांगलं स्थळ आत्यानं मोडलं ते केवळ त्या घरी बारा महिने थंड पाण्यानं आंघोळ करतात म्हणून. आजोबांनी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "बाबा, उद्या मी बाळंत झाली तर हे लोक मला विहिरीवर नेऊन बसवतील. काहून जाऊ मी?"

ती गेली नाही. तिथंच काय, कुठेच गेली नाही. बरगीचं धरण भरल्यावर नर्मदेचं पाणी डोंगरांच्या कुशीत शिरलं, आणि पलीकडच्या काठावरच्या कितीतरी गावांना नावेशिवाय वाट उरली नाही. तिथं एका धर्मादाय संस्थेची दवाखान्याची लाँच फिरत असे. शहरातली बरी नोकरी सोडून आत्या त्या लाँचवर गेली. लाँच म्हणजे एक पत्र्याची लांबट होडी, आत दोन बाकं, औषधांचं कपाट आणि मागे धडधडणारं जुनं डिझेल इंजिन. स्टोव्ह पेटवावा तर लाटेनं पातेलं कलंडायचं. पहिल्याच आठवड्यात आत्याच्या लक्षात आलं, की इंजिनाला थंड ठेवायला जे पाणी त्याच्या अंगातून फिरतं, ते तापून कढत होतं आणि पुन्हा थंड केलं जातं. तिला हा अन्याय सहन होईना. "इतकं ऊन पाणी! आणि नुसतं फिरून राहिलं!" तिनं एका मिस्त्रीच्या मागे लागून एक बंद टाकी करून घेतली. टाकीच्या पोटात तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवलं. इंजिनाचं तापलेलं पाणी एका रबरी नळीनं वेटोळ्यात शिरायचं, टाकीतल्या स्वच्छ पाण्याला आपली ऊब द्यायचं आणि दुसऱ्या नळीनं इंजिनाकडे परत जायचं. दोन पाण्यांची भेट कधी व्हायची नाही. टाकीला बाहेरून तोटी. लाँच चालू झाली, की थोड्या वेळानं तोटीतून वाफाळतं पाणी! मला वाटतं, आयुष्यात त्या टाकीइतकं प्रेम तिनं कुणावर केलं नसेल. लाँच चालवणारे दद्दा, म्हणजे एक उंच, मितभाषी नावाडी, सांगायचे की सकाळी दीदी आधी टाकीवर हात फिरवतात आणि मग आम्हाला जयभीम घालतात.

मी त्या वेळी नोकरीला लागले होते. एका रविवारी बुद्धवंदनेहून परतताना आत्यानं मला, "चल, जरा धरण पाहून ये," म्हणून लाँचवर नेलं. आम्ही पलीकडच्या एका गावात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथल्या एका तरुण मुलीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. बाळ तळहातावर मावेल एवढं. रडणंसुद्धा मांजरीच्या पिल्लासारखं. आईचं रक्त बरंच गेलं होतं आणि ती हुडहुडत होती. दोघींना जबलपूरला न्यायलाच हवं होतं. पौषातली सकाळ, तलावावर असं धुकं की लाँचचं टोक दिसेना. दद्दा हळूहळू हाकत होते. आत्यानं बाळंतिणीला घोंगड्यांत गुंडाळलं, बाळ माझ्या शालीत दिलं, शेकायच्या रबरी पिशव्या काढल्या आणि भरायला तोटी उघडली. पाणी आलं ते तलावासारखं गार.

आत्याचा चेहरा मी तोवर कधी तसा पाहिला नव्हता. मग ती दद्दांवर तुटून पडली. "गर्मी में जो थर्मोस्टेट निकाला था, वापस नहीं लगाया न? इंजन तपेगा कैसे?"

"लगाया है, दीदी. सुई देख लो."

तबकडीवरची सुई खरंच वर होती. इंजिन तापलं होतं. टाकीची चावी बंद असेल म्हणून तिनं ती तपासली. ती उघडी होती. टाकी गळत असेल म्हणून ती ओणवी होऊन खाली चाचपून आली, कोरडी होती. एवढ्यात माझ्या शालीतलं बाळ हलायचं थांबल्यासारखं वाटलं. मी ओरडले. आत्या मागे वळली आणि तिनं माझ्या स्वेटरची बटणं काढली, पोलकं सोडलं आणि ते उघडं बाळ माझ्या छातीवर ठेवून वरून सगळं बंद केलं. "आईच्या अंगात आता ऊब नाही. तुझ्यात आहे. हलू नको." तो गार, ओलसर जीव माझ्या कातडीला चिकटला आणि मी खरोखरच श्वास घ्यायलाही घाबरले.

आत्या पुन्हा इंजिनापाशी बसली. तिनं दोन्ही नळ्या दोन हातांत धरल्या, रोग्याच्या दोन मनगटांची नाडी एकदम पाहावी तशा. "जाणारी चटके देऊन राहिली. येणारी मेल्यासारखी गार." ती डोळे मिटून बसली. मग एकदम तिनं मान वर केली. आदल्या दिवशी दद्दांनी एक नळी नवी घातली होती आणि पायात येऊ नये म्हणून ती उचलून छताच्या हुकाला टांगली होती. नळीला मध्येच उंटासारखी पाठ आली होती.

"हवा," आत्या म्हणाली. "सलाईनच्या नळीत बुडबुडा बसतो ना, तसा. वर हवा अडकली, पाणी पुढं नाही जाऊन राहिलं." मग दद्दांना, "इंजन बंद करो."

दद्दांनी सुकाणू सोडलं नाही. "दीदी, सुबह कितनी मुश्किल से चालू हुआ है. बीच पानी में बंद किया और नहीं उठा तो? इस कोहरे में हमें कौन ढूँढेगा?"

"चालत्या इंजिनात नळी सोडली तर सगळं पाणी बाहेर येईल, इंजिन जळेल," ती मला म्हणाली, जणू निर्णय माझ्याकडून हवा होता. मग तिनं बाळंतिणीच्या ओठांकडे पाहिलं. ते निळसर झाले होते. "दद्दा, सुबह वो ठंडा था. अब गरम है. गरम चीज़ उठ जाती है. बंद करो."

इंजिन थांबलं. तसली शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. धुक्यात लाँच आपोआप गिरकी घेत होती आणि माझ्या छातीवर ती चिमुकली धडधड तेवढी ऐकू येत होती. आत्यानं नळी हुकावरून काढली, टॉवेल गुंडाळून तिचं तोंड वरच धरलं आणि तोंडावरची लोखंडी पकड हळूच सैल केली. "भाप मुँह पे आएगी," दद्दा म्हणाले. आली. फुस्स करून हवा सुटली, मग थुंकल्यासारखे बुडबुडे, मग कढत पाण्याची चिळकांडी तिच्या मनगटावर. तिनं हात हलवला नाही. धार सलग झाली तशी तिनं पकड आवळली, नळी खाली सपाट बांधली आणि दद्दांनी कमी पडलेलं पाणी घातलं.

पहिल्या खेपेला इंजिन नुसतं खोकलं. दद्दांनी हात जोडून नर्मदामाईचं नाव घेतलं. देवाला न मानणाऱ्या आत्यानं त्यांना अडवलं नाही. दुसऱ्या खेपेला ते धडधडलं.

काही वेळानं तोटीतून आलेलं पाणी तिनं कोपरानं पाहिलं. पिशव्या भरून, फडक्यात गुंडाळून बाळंतिणीच्या कुशीत ठेवल्या, कोमट साखरपाणी चमच्यानं पाजलं. धुकं विरून काठ दिसू लागला, तेव्हा त्या मुलीनं डोळे उघडून विचारलं, "बिटिया?" मी स्वेटरचा गळा ओढून दाखवलं.

दोघी जगल्या, हे मी आताच सांगून टाकते. आत्या मात्र हा प्रसंग कुणाला कधी सांगायची नाही. मी सुरू केला तर उठून जायची. पुढे रस्ता झाला, लाँच भंगारात गेली, दद्दा गेले आणि गेल्या वर्षी आत्याही गेली. तिच्याविषयी बोलायला बसलं की घरात सगळ्यांना हसू येतं. मलाही येतं. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा जबलपूरच्या दवाखान्याचा लांब व्हरांडा. डॉक्टरांनी बाळ माझ्या अंगावरून उचलून आत नेलं आणि आम्ही दोघी बाकावर टेकलो. आत्याचे केस सुटून खांद्यावर आले होते. ते बांधायला तिनं हात वर केले, पण बोटं इतकी कापत होती की तिला तीन पेडसुद्धा धरता येईनात. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि हात मांडीवर ठेवले.

"वेणी घालून देतेस?" ती म्हणाली. तिनं कुणाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

केस पातळ झाले होते, आतून बरेच पांढरे. मी तिच्या मागे उभी राहिले. एरवी झटकन उरकणारी वेणी मी अगदी सावकाश घातली, आणि ती मान खाली घालून, एखाद्या शाळकरी मुलीसारखी, मुकाट बसून राहिली.