जयंतीच्या पोटातली गाठ

घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात वनमालाबाई अठरा वर्षं आया होत्या. आमच्या चाळीतल्या बायका आधी त्यांना पोट दाखवायच्या, मग डॉक्टरला.

१९८४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा, जयंतीचा ड्रेस कमरेत उसवला. जयंती एकोणीस वर्षांची, टायपिंगच्या क्लासला जायची. बाईंनी तिला आडवं केलं, पोट चाचपलं. पाचवा महिना.

"कोण तो?"

"कोणी नाही गं आई. शप्पथ."

"पाळी?"

"वेळेवर येत नाही, पण येते."

बाईंनी तिच्या कानाखाली मारली.

क्लास बंद झाला. नवऱ्याला, सीतारामला, त्यांनी अशक्तपणा सांगितला. जयंती दोन महिने घरातच. पोट दुखतंय म्हणाली की बाई म्हणायच्या, "भोग आता." मूल हलत नाही, हे त्यांना कळत होतं. पण विचारायचं म्हणजे कोणाला तरी सांगायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

एका सकाळी जयंती मोरीत कळवळून पडली. बाईंनी तिला रिक्षात घालून आपल्याच प्रसूतिगृहात नेलं. डॉक्टर अनुपमांनी तपासलं, सोनोग्राफी करून घेतली.

"वनमालाबाई, ती गरोदर नाही. बीजकोशावर गाठ आहे, पाण्याने भरलेली. या वयात एवढी मोठी क्वचितच दिसते. तिला पीळ बसलाय, आजच ऑपरेशन करावं लागेल."

"कॅन्सर?"

"वाटत नाही. काढून तपासू. कधीपासून आहे?"

"दोन महिने. मला वाटलं..."

साडेचार किलोंची गाठ निघाली. साधी होती, पण पीळ बसून काळा पडलेला बीजकोशही काढावा लागला.

"आधी आणली असती तर वाचला असता?" बाईंनी विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाल्या.

वॉर्डात बाई रडल्या. "माझं चुकलं गं."

जयंती छताकडे बघत होती. "एकदा मला विचारायचंस ना."

"विचारलं होतं."

"नाही. कोण तो, ते विचारलंस. मला काय होतंय, ते नाही."

पुढे जयंतीचं लग्न विक्रोळीत झालं. उरलेल्या एका बीजकोशावर दिवसही राहिले. सातव्या महिन्यात बाई तिला माहेरी आणायला गेल्या. जयंतीने चहा केला, बाबांची चौकशी केली आणि म्हणाली, "मी इथेच बाळंत होणार."

बाईंनी आग्रह केला नाही. चाळीत बायकांनी विचारलं, पहिलं बाळंतपण सासरी कसं? तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे आली नाही ती." आणि मग सगळं सांगितलं.