चढणारं स्वयंपाकघर

आषाढातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळीच, अण्णा मुंबईत वारल्याची तार आली. घरात आई, माझी पत्नी सुमती आणि मी, असे तिघेच होतो. पावसाळ्यामुळे आगबोटी बंद. घाटावरून जायचं तर पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. मी आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. भाचा गेल्याचं ऐकून तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "उद्या उधाण आहे रे, दामू..." माझ्याही मनात तेच आलं होतं.

अण्णा माझा मामेभाऊ. मुंबईच्या गोदीत धक्के बांधण्याच्या कामावर त्याची उमेदीची सारी वर्षं गेली. आमचं घर रत्नागिरीला, खाडीच्या काठी. माजघर-ओटी उंच जोत्यावर, पण स्वयंपाकघर मागे खाली, आणि मोठ्या उधाणाला पाणी थेट चुलीत यायचं. ते वर न्यावं तर आईचे गुडघे गेलेले. पायऱ्या चढवत नाहीत आणि दुसऱ्याच्या हातचं तिला चालत नाही. काही वर्षांपूर्वी रजेवर आलेल्या अण्णाने हे ऐकलं आणि म्हणाला, "आत्येला चढवत नाही ना? मग स्वयंपाकघर चढू दे!"

मला थट्टा वाटली. पण त्याने खरोखरच चर खणून त्यात दोन जुन्या होड्या ठेवल्या. त्यांच्यावर फणसाच्या फळ्या, फळ्यांवर माती, वर शेणाचं सारवण, भोवती माडाच्या झापांच्या भिंती आणि छप्पर. चार कोपऱ्यांना चार खांब रोवले आणि जमिनीच्या चौकटीला लोखंडी कड्या ठोकून त्या खांबांत सैल ओवल्या. ओहोटीला चूल अंगणाच्या पातळीत. पाणी आलं की होड्या तरंगणार आणि कड्या खांबांवरून वर सरकणार. मी सगळं वजन कागदावर मांडून पाहिलं. हिशेब जुळला, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

"होडीत चूल? मी काय खलाशी आहे?" आई म्हणाली.

"खलाशाला तुझ्यासारखी आमटी येत असती, तर तो घर सोडून कशाला जाता, गो आत्ये?"

पहिलं उधाण भर दुपारी आलं. भात चुलीवर होता, म्हणून आई बाहेर यायला तयार होईना. पाणी चरात शिरलं, तीन कोपरे उचलले... चौथा जागचा हलेना. जमीन तिरपी झाली, निखारे झापांच्या दिशेने घरंगळले. मी त्यांच्यावर पाणी ओतलं. अण्णा कमरभर पाण्यात उतरला आणि चाचपडत ओरडला, "इथे गाईचं दावं कोणी बांधलंय?"

"मी," आई भाताचं पातेलं धरून म्हणाली. "वाहून गेलं असतं म्हणजे?"

"अगो, हे स्वयंपाकघर आहे की कपिला?" त्याने कोयत्याने दावं तोडलं. एक हिसका बसला आणि जमीन सरळ झाली.

"भात करपला तर तुझ्यामुळे," आईने ऐकवलं.

पुढे दरवर्षी उन्हाळ्यात येऊन तो त्या कड्यांना उंडीचं तेल द्यायचा. यंदा आजारपणामुळे आला नाही. तार आली त्या दुपारी तेल मीच दिलं, पण एक कडी गंजून खरखरत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीच्या वेळी मी त्या कडीपाशी उभा राहिलो. ती दोनदा अडली, दोनदा सुटली. स्वयंपाकघर माजघराच्या पातळीला आलं आणि तरी पाणी थांबेना. आजवर इतकं चढलेलं मी पाहिलं नव्हतं. कडी खांबाच्या टोकावरून निसटली असती, तर आई चुलीसकट खाडीत गेली असती.

खांब रोवताना मी अण्णाशी वाद घातला होता. सर्वांत मोठ्या उधाणासाठी मी काढलेल्या आकड्यापेक्षा ते चांगले हातभर उंच होते. मी म्हटलं, लाकूड फुकट जातंय. तो म्हणाला, "तुझा आकडा पाण्यापुरता बरोबर आहे. वरचं लाकूड तुझ्या धास्तीसाठी ठेवलंय."

त्या दुपारी कड्या त्या वरच्या लाकडावर होत्या. वर अजून थोडं उरलं होतं. आत आई भात वेळून पेज काढत होती, आणि पाणी उतरायला लागेपर्यंत मी त्या उरलेल्या लाकडावरून नजर काढली नाही.