निरोगी क्रमांक चौदा

तिला सगळे सुईताई म्हणत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती रक्त काढत असे. एकोणीस वर्षांत एकाच्या नळीवर दुसऱ्याची चिठ्ठी लागली नव्हती. मिरवण्यासारखं आयुष्यात दुसरं फारसं नव्हतं, म्हणून हेच ती जपून मिरवी.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलतीकडे वाढणं. त्यासाठी बहुतेकदा पोटात दुर्बीण घालावी लागते. ते रक्तावरून ओळखता येईल का, हे पाहायला मोठ्या मॅडमनी अभ्यास काढला. आजारी बायका भरपूर मिळाल्या, निरोगी मिळेनात. मग प्रयोगशाळेच्या जुन्या रिवाजाप्रमाणे कर्मचाऱ्यांनीच बाह्या वर केल्या. सुईताईनेही रक्त दिलं, आणि फॉर्मवर ‘पाळीत त्रास होतो का?’ यापुढे ‘नाही’ लिहिलं. दर महिन्याला दोन दिवस ती कपाटाचं दार धरून उभी राही. पण बाईच्या जातीला एवढं चालायचंच, असं आईने सांगितलं होतं. आणि चालायच्या गोष्टीला त्रास कोण म्हणतं?

तीन आठवड्यांनी मॅडमनी बोलावलं. निरोगी क्रमांक चौदाचे आकडे आजाऱ्यांच्याही डोक्यावर जाऊन बसले होते. नळ्यांची अदलाबदल झाली असणार. मॅडम रागावल्या नाहीत. होते चूक माणसाकडून, म्हणाल्या. इतकं जिव्हारी लागेल असं सुईताईला आजवर कुणी बोललं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी प्रकरण मिटत होतं. मात्र एकोणीस वर्षं पाण्यात जात होती.

“चौदा मीच आहे, मॅडम. नळी बरोबर आहे.”

“मग फॉर्मवर त्रास नाही, असं कसं?”

“म्हणजे, सगळ्यांना दुखतं तेवढंच दुखतं.”

“मला नाही दुखत,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे, काम सोडून कपाट धरावं इतकं तर कधीच नाही.”

कपाटाचं त्यांना कसं ठाऊक, हे विचारायचं सुईताईला सुचलं नाही. जिला दुखत नाही अशी बाई ती पहिल्यांदाच बघत होती.

नुसत्या रक्तावरून काही ठरत नाही, हे मॅडमनीच बजावलं. ठरत असतं तर अभ्यास कशाला काढला असता? दुर्बीण घातली, तेव्हा संशय खरा निघाला. सुईताईला महिनाभर रजा मिळाली आणि नळीबद्दल कुणी पुन्हा बोललं नाही.

अभ्यासात एक निरोगी बाई कमी पडली. रजेवरून परत आल्यावर दुसरी शोधायचं काम सुईताईकडेच आलं. दंडाला पट्टा बांधण्याआधी ती आता प्रत्येकीला खुर्चीत बसवून विचारी, दुखतं म्हणजे नेमकं किती. निरोगी बाई सापडायला त्यामुळे बराच वेळ लागला.