एडनचं मिठागर आणि कान्हूच्या हातची पेज

जायचं ठरलं ते कोपरीच्या हिराजीमुळे. त्याचा मुलगा कान्हू आणि गावातले आणखी दहा तरुण एडनच्या मिठागरावर कामाला गेले होते. पोरांना लिहिता येईना, म्हणून तिथला एक मुनशी त्यांची पत्रं लिहायचा. अकराही घरांची पत्रं उपरण्यात बांधून हिराजी ठाण्याला आमच्या शाळेत आला. मी एकेक वाचलं. नाव सोडलं तर अकरा पत्रांत शब्द न् शब्द सारखा.

"मास्तर, यात माजा पोर कंचा?" त्यानं विचारलं.

मला सांगता येईना. मेची सुट्टी तोंडावर होती, आणि जिभेला हाड नसतं. बोलून गेलो, "मीच जाऊन शिकवतो त्यांना." बिनपगारी, वर स्वखर्चानं.

घरी व्हायचं तेच झालं. ब्राह्मणानं समुद्र ओलांडला की परत आल्यावर प्रायश्चित्त, नाहीतर घरादारासकट पंगतीबाहेर. त्यात धाकट्या बहिणीचं, गोदूचं, लग्न कल्याणला ठरलेलं, मुहूर्त ज्येष्ठातला. माझे वडील, आप्पा, दोन दिवस पंचांग चाळत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जायचं तर जा. पण तिकडे स्वतः रांधून खा. परक्या हातचं खाल्लंस आणि व्याह्यांना कळलं, तर पोरीचं लग्न मोडेल." मी देवापुढे वचन दिलं.

कुणी जाणार असेल तर सांगून ठेवतो. बोटीवर डेकचंच तिकीट काढावं, पण जागा मधोमध धरावी. टोकाला पोट ढवळतं आणि चिमणीपाशी काजळीनं धोतर काळं होतं. मेतकूट, लाडू आणि लिंबाचं लोणचं भरपूर न्यावं. पहिले दोन दिवस लोणच्याशिवाय काही गळ्याखाली उतरत नाही. आठवड्यानं एडन दिसलं तेव्हा मला वाटलं, खलाशी थट्टा करताहेत. काळे डोंगर, गवताची काडी नाही, आणि पिण्याचं पाणी उंटाच्या गाडीतून विकत.

मिठागर मात्र ओळखीचं निघालं. खारं पाणी साठवायच्या तशाच चौकोनी कोंड्या, तेच पांढरे ढीग. आपल्याकडे भरतीचं पाणी आपसूक आत येतं, तिथे ते पवनचक्क्या ओढतात, एवढाच फरक. भर दुपारी उन्हामुळे काम थांबायचं, तेव्हा आमची शाळा भरायची. पाट्या नव्हत्या. पोरं फळीनं मीठ सपाट करायची आणि त्यावर बोटानं अक्षर काढायची. चुकलं की पुन्हा फळी फिरवायची. खारानं सोललेल्या बोटांनी ती 'क' गिरवायची आणि कुणी हाय-हुय करायचं नाही. मी सकाळी बाराखडी मांडून ठेवायचो, दुपारी शिकवायचो, संध्याकाळी मागे राहिलेल्यांना पुन्हा घेऊन बसायचो. ठाण्यात वर्षभरात इतकं काम मी केलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी मात्र मी नाकानं कांदे सोलायचो. चूल वेगळी, पाणी वेगळं. वीस-एक वर्षांचा कान्हू लांबून बघत राहायचा.

"मास्तर, आमच्या हाताला मीठ हाय, इटाळ नाय," एकदा तो म्हणाला. पोरं हसली. मीही हसलो, पण पातेल्यावर झाकण ठेवलंच.

आठव्या दिवशी मला ताप भरला आणि पोट बिघडलं. दोन दिवस चूल पेटवायला उठवेना. तिसऱ्या दिवशी कान्हू वाडग्यात पेज घेऊन आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"घ्याल का? न्हाई म्हनलात तरी राग नाय."

खरं सांगतो, त्या वेळी मला वचन आठवलं, आप्पा आठवले, आणि तरी मी हात पुढे केला. मिठाचा खडा घातलेली ती गरम पेज मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. मग निघेपर्यंत मी त्यांच्यातच जेवलो. मासळी तेवढी टाळली.

परतल्यावर प्रायश्चित्ताला कल्याणचे व्याही जातीनं हजर होते. मिशी उतरवली, पंचगव्य घेतलं. भटजींनी विचारलं, "तिकडे स्वहस्तेच रांधलंस ना?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "होय."

नंतर भटजी हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, पण गोदूच्या मांडवाचे बांबू आले होते.

लग्नाला चार दिवस असताना हिराजी अंगणात आला. कान्हूचं पत्र, त्याच्या स्वतःच्या हातचं! ओटीवर आप्पा आणि व्याही याद्या करत बसले होते. मी अंगणात उभ्यानंच वाचू लागलो. ऊन, पगार, पायाची जखम. मग पुढची ओळ दिसली आणि मी थांबलो.

"मंग?" हिराजी म्हणाला.

"मग काही नाही. संपलं."

त्याला वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं. "मास्तर, खाली एवरी अक्षरं हायत, ती कसली?"

अकरा पत्रांत जो कान्हू सापडत नव्हता, तो या ओळींत होता आणि मी तोच गिळत होतो. मी मोठ्यानं वाचलं: "मास्तर आजारी होते. मी पेज केली. ते माझ्या हातची पेज प्याले. आई, तुला खोटं वाटेल म्हणून दोनदा लिहितो. ते माझ्या हातची पेज प्याले."

हिराजी डोळे पुसत ओटीकडे बघून हसला. त्याला वाटलं, सगळ्यांनाच आनंद झाला असेल. व्याह्यांनी पगडी उचलली आणि वहाणा शोधू लागले. आप्पा जागचे हलले नाहीत.

लग्न मोडलं, मांडवाचे बांबू परत गेले. गोदू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, खरं तू बोललास. भरलं मी."

कोपरीत आता अकरा घरांत अकरा वेगळी पत्रं येतात. मी ती वाचून दाखवतो, एकही ओळ न गाळता. लोक विचारतात, एडनला जावं का? जावं, अवश्य जावं. फक्त आपल्या जाण्याची किंमत घरात कुणाला मोजावी लागणार आहे, त्या माणसाला आधी विचारून जावं. मी आप्पांना विचारलं होतं, हेडमास्तरांना विचारलं होतं. गोदूला विचारायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.