बाकडी मी काढायला लावली

आमच्या सोसायटीतली चार बाकडी मी काढायला लावली. अर्ज माझा, भाषण माझं, टाळ्याही मलाच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नाही.

तेव्हा मी एका गटाबरोबर म्हातारपणातल्या आरोग्याचा प्रचार करायचे. दर रविवारी नाहूर स्टेशनबाहेर पत्रकं वाटायची. मथळा मीच लिहिलेला : ‘बसणं सोडा, म्हातारपण लांबवा!’ खाली मीठ कमी, साखर कमी, जिने चढा, रोज चाला. लोक पत्रकाची घडी करून त्यानं वारा घ्यायचे आणि माझं डोकं फिरायचं. तासन्‌तास बसून राहायचं आणि मग गुडघे गेले म्हणून रडायचं, हा कुठला न्याय? आणि आमच्याच बिल्डिंगखाली, लिफ्टपासून गेटपर्यंत भिंतीलगत ही चार बाकडी. सकाळ-संध्याकाळ म्हाताऱ्यांनी भरलेली.

वार्षिक सभेत मी उभी राहिले. म्हटलं, “ही बाकडी नाहीत, आजाराची दुकानं आहेत. काढा ती. चालायला ट्रॅक करा.” मागच्या रांगेत बाबा होते. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनसमोर उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

महिनाभरात बाकडी पंपरूमच्या मागे गेली. फरशीवर पिवळे पट्टे आले. कानात हेडफोन घातलेली माझ्या वयाची पोरं त्यावरून झपाझप चालायला लागली. झकास, म्हटलं, जिंकलो आपण.

बाबांचा रोज सकाळी दूध आणायला जायचा नेम होता. दूध केंद्र गेटच्या पलीकडेच, पण त्यांना तासभर लागायचा. ट्रॅक झाल्यावर काही दिवसांत त्यांनी जाणंच सोडलं. कधी म्हणायचे, “गुडघो दुखता.” कधी, “ऊन मरणाचा आसा.”

“बाबा, आळस आहे हा नुसता. अशानं खाटेला खिळाल.”

“बघतंय उद्या.”

मी दुधाच्या पिशव्या घरपोच लावल्या आणि संतापले. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. स्टेशनबाहेर माईक हातात आला तेव्हा बोलून गेले, “लांब कशाला, माझ्या घरातच नमुना आहे. बाप दिवसभर खिडकीत!” लोक हसले. मला बरं वाटलं.

चारेक महिन्यांनी तळमजल्यावरच्या काकूंना पत्रक द्यायला गेले. त्यांनी ते हातातही घेतलं नाही.

“तुझ्याकडेच ठेव गं ते. आधी बापाला खाली आण.”

“तेच येत नाहीत, काकू. मी काय करू?”

“येतील कसे? बसतील कुठे?” काकूंनी दारातूनच बोट दाखवलं. “लिफ्टमधून आले की इथे टेकायचे. मग तिथे. मग गेटपाशी. असं करत करत दुधाला पोचायचे. तू काढलीस ना बाकडी? एकदा दम लागला म्हणून कुणाच्या तरी बाइकला टेकले. अलार्म वाजला. वॉचमन धावत आला, वरून पोरं हसायला लागली. गुपचूप वर गेले. ते गेलेच.”

“मला कुणी बोललं नाही.”

“त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाले, चेडवाक सांगा नको. पोरीला कळायला नको म्हणे.”

मी जिन्यानं वर गेले. बाबा खिडकीत होते. लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, आणि पोटऱ्या सुकलेल्या. या पोटऱ्या रोज माझ्यासमोर होत्या.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगाचा होता? बिल्डिंगीत तुजा नाव झाला.” मग लुंगी पोटऱ्यांवर ओढून म्हणाले, “पाय चलतत गो. दम चलना नाय. मधी वायच टेकूक लागता. जन्मभर उभोच होतंय मी, बसूक आता खंय शिकत होतंय.”

मी दहा हजार पावलांवर तावातावानं बोलणारी बाई. पुढच्या पावलाआधी कुणाला दोन मिनिटं बसावं लागतं, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि माझाच अर्ज माझ्यासमोर ठेवला. “मॅडम, ‘आजाराची दुकानं’ हे तुमचे शब्द ना?” पुन्हा अर्ज, पुन्हा सभा. मी म्हटलं, “चूक माझी.” ट्रॅकवरचा एक पोरगा खिदळला, “म्हणजे आता बसणं हेल्दी?” मी म्हटलं, “मधे बसल्याशिवाय ज्यांना चालता येत नाही, त्यांच्यासाठी, हो.” टाळ्या नाहीत. फक्त मंजुरी. पण तिथेही मी ‘काही ज्येष्ठ रहिवासी’ असंच म्हटलं. बापाचं हसं करायचं होतं तेव्हा मी ‘बाप’ म्हटलं होतं. स्वतःला लाज वाटायची वेळ आली तेव्हा काही ज्येष्ठ रहिवासी.

चारातली दोन बाकडी पार गंजली होती. उरलेली दोन मी आणि वॉचमननं उचलून आणली. एक लिफ्टजवळ, एक गेटपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना खाली आणलं. पूर्वी ते इथवर एकटे यायचे, आता माझा दंड धरावा लागला. पहिल्या बाकड्यावर बसले तेव्हा श्वास छातीत मावत नव्हता. मी गेटकडे बघत होते. मधल्या ज्या जागी दोन बाकडी असायची, तिथे नुसते पिवळे पट्टे.

बी विंगमधले एक आजोबा जवळ आले. “अहो, होतात कुठे इतके महिने?”

बाबा माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे पाहून हसले. “गावाक गेल्लंय.”

“वा! बरं केलंत. तिकडे चालणं होतं भरपूर.”

“होता तर.”

खोटं ऐकलं की मी तिथल्या तिथे तोंड उघडते, गटात सगळ्यांना माहीत आहे. तोंड उघडलंही. बाबांनी माझ्या मनगटावर हात दाबला.

आजोबा गेले. मी विचारलं, “गेटपर्यंत जाऊया का बाबा? हळूहळू.”

त्यांनी अंतर बघितलं. “आज नको,” म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. आम्ही लिफ्टकडे वळलो. दूध अजून घरपोच येतं.