मार नसलेली शाळा

माझे वडील अकोल्याच्या जुन्या शहरात मास्तर होते आणि मी त्यांच्याच वर्गात होतो. दुसऱ्या पोरांना ते हातावर मारीत, मला पाठीवर. मास्तर घरच्या पोराला सोडतो असं कुणी म्हणू नये, हे त्यामागचं कारण. निंबाचा फोक तुटला की नवा तोडून आणायला मलाच पाठवीत. बारीक आणला तर त्याची परीक्षा माझ्यावरच होई. बी.ए. झालो तेव्हा मी एवढंच ठरवलं होतं, की मास्तर झालो तर असा होणार नाही.

म्हणून अमरावतीबाहेर परतवाड्याच्या रस्त्यावर एका बाईंनी काढलेल्या निवासी शाळेत शिकवायला गेलो. साठ सालानंतरची ही गोष्ट. बाईंनी तरुणपणी एका तत्त्वज्ञाची व्याख्यानं ऐकली होती. भीती असेल तिथे मूल नुसतं आज्ञा पाळतं, शिकत नाही, हा त्यांच्या विचारांचा गाभा, आणि बाईंनी तो अक्षरशः घेतला होता. शाळेत घंटा नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता, छडी नव्हती. एक रिवाज मात्र पक्का होता. पोरं मारामारीवर आली की मास्तरानं ओरडायचं नाही, ओढायचं नाही. त्यांच्या अगदी शेजारी जमिनीवर जाऊन गप्प बसायचं आणि त्यांच्या रागाकडे पाहत राहायचं. हे सांगून कुणाला खरं वाटत नसे, पण पोरं थोड्या वेळानं आपली आपणच ओशाळत आणि हात खाली येत. मग त्यांना विचारायचं, आत काय झालं होतं? मी हे अनेकदा पाहिलं होतं.

धामणगाव रेल्वेच्या एका हमालाचा मुलगा मीच शाळेत आणला. घर बौद्ध झालेलं, पोरगं अकरा-बारा वर्षांचं, हुशार. मी घरी गेलो तेव्हा बाप म्हणाला, "दोन शाळा सोडल्या यानं, मार खाऊन. मास्तरचा येगळा, पोरायचा येगळा. तुमच्यात मारत नाई म्हंता?"

"आमच्याकडे कुणी कुणाला मारत नाही," मी सांगितलं.

बापानं पोराची वळकटी बांधायला घेतली.

पुढे एके दिवशी शाळा पाहायला अकोल्याहून काही मंडळी आली होती. त्यांत माझ्या वडिलांबरोबर नोकरी केलेले एक म्हातारे मास्तर होते. बाई कामासाठी गावात गेलेल्या, शाळा माझ्यावर. आम्ही ओसरीत खुर्च्या टाकून बसलो. "छडीवाचून पोरं सांभाळतं म्हणे तू," म्हातारे म्हणाले, "तुह्या बापाले सांगतो जाऊन." सगळे हसले. मीही हसलो.

पाणी देण्याची पाळी त्या मुलाची होती. तो रांजणातून पेले भरत असताना एक मोठा मुलगा त्याच्यामागे येऊन उभा राहिला. हा चौदाचा, परतवाड्याकडच्या बड्या शेतकऱ्याचा, हाडानं दणकट. तो म्हणाला, "पाव्हण्यायले तू पाणी देऊन राहिला काय? मंग त्यायले इथंच आंघोळ घाला लागते."

लहान मुलानं हातातला पेला त्याच्या तोंडावर फेकला.

पहिला ठोसा बसला तेव्हा मी उठलो नाही. मला आनंद झाला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हाताऱ्यांना दाखवायला याहून चांगला प्रसंग कुठला? लहान मुलगा खाली पडला. मोठा त्याच्या छातीवर गुडघा रोवून तोंडावर मारू लागला. नाकातून रक्त आलं. "अरे, सोडव त्याले," म्हातारे म्हणाले.

"थांबा काका, पाहा तुम्ही," मी म्हणालो.

मोठ्यानं चुलीपाशी पडलेली तुराटी उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. त्याचा आवाज ओसरीत स्पष्ट ऐकू आला. लहान मुलगा ओरडायचा थांबला आणि मान वळवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी उठलो.

उठलो तो सोडवायलाच. पण तुराटी माझ्या हातात आली आणि मी मोठ्याला मारायला लागलो. पाठीवर, पोटऱ्यांवर, त्यानं डोक्यावर धरलेल्या हातांवर. तो पळाला, मी मागे धावलो. कुंपणाच्या कोपऱ्यात गाठला. त्याचं बोट मोडल्याचं मला कळलं आणि त्यानंतरही मी मारलं. तो "बाई, बाई" म्हणून हाका मारत होता. तुराटी मोडली तेव्हा मी लाथ उगारली.

मागून आवाज आला, "आनखी मारा, सर."

लहान मुलगा उभा होता. कानातून गळ्यावर रक्त उतरलेलं. तो रडत नव्हता. पाय खाली घेताना मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

संध्याकाळी बाई आल्या. डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी मोठ्याचं बोट बांधलं, लहानाच्या कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. बाईंनी मला, तुम्ही कुठे बसला होतात, एवढंच विचारलं. मी सांगितलं.

"मी बसा म्हटलं होतं ते मुलांपाशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहुण्यांपाशी बसलात."

मोठ्याला त्याचा बाप दुसऱ्या दिवशी जीपमधून घेऊन गेला. धामणगावचा हमाल त्यानंतर आला. पोराची वळकटी खांद्यावर टाकूनच तो बाईंसमोर उभा राहिला आणि बोलला मात्र माझ्याशी. "गुरुजी, त्या दुसऱ्या शाळेतला मास्तर मारते. पन दुसऱ्याले मारू देत नाई. तुमी तं खुर्चीवर बसून पायलं म्हणे."

बाई मुलाकडे वळल्या. मुलाबद्दल काहीही ठरवायचं तर आधी मुलाला विचारायचं, हाही तिथला नियमच. "तुला काय वाटतं? इथं राहायचं की जायचं?"

मुलाच्या कानावर पट्टी होती. "हे सर रायतीन काय?" त्यानं विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यावं म्हणून त्या थांबल्या आहेत हे मला कळलं. मी राहावं असं त्याला वाटतंय, असंही क्षणभर मनाशी धरून पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "मी आज जातो."

"मंग मी रायतो," मुलगा म्हणाला.

बापानं वळकटी खाली ठेवली.