आजोबांची चौथी मात्रा

ईरा, कबीर, तुमचे आजोबा गेले त्या सकाळी तुम्हाला मेलबर्नला बातमी सांगून आम्ही फोन खाली ठेवला, तोच तो पुन्हा वाजला. पराग होता. पराग म्हणजे इथल्या, डब्लिनच्या मराठी मंडळींचा गाण्याचा गट चालवणारा इंजिनियर. रडवेल्या आवाजात म्हणाला, "काकू, काय बोलू... शेवटी शेवटी हात ढळला होता काकांचा, पण कान मात्र काय होता!" मी "हं" म्हटलं आणि फोन तुमच्या मृणालआत्याकडे दिला. घरात सगळे रडत होते. मीही रडले असते, पण त्या एका वाक्याने माझे डोळे कोरडे केले. आता काही आठवडे लोटले आहेत. राग उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत तुम्हाला सगळं सांगून ठेवायचं आहे.

आम्ही दोघं २०२० च्या सुरुवातीला इथे, डब्लिनच्या ओंगार भागात, आत्याकडे आलो ते थोड्या दिवसांसाठी. मग विमानं बंद झाली. आजोबांची पेटी पुण्यात, आणि पेटीशिवाय त्यांचा दिवस उगवत नसे. शेवटी आत्याने एक कीबोर्ड आणला. मांडी घालून वाजवणारा माणूस स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून वाजवू लागला. भात्याचं काम उरलं नाही तरी डावा हात आपला मधूनमधून हवेत पुढे-मागे व्हायचा. आत्या हसायची, "बाबा, वारा नको घालू, थंडी कमी आहे का इथे?"

ईराच्या जन्माच्या वेळी त्यांनी पाळण्याची एक चाल बांधली होती. दादरा, सहा मात्रांचा. चौथी मात्रा, म्हणजे टाळी न देता सोडायची 'खाली', ते किंचित उशिरा घ्यायचे. पाळणा वर जाऊन परत फिरण्याआधी क्षणभर थबकतो ना, तसं. ईरा तिकडे पियानो शिकते, पाच रेघांवरची पाश्चात्त्य लिपी वाचते, म्हणून ती चाल त्या लिपीत उतरवून पाठवायची त्यांची फार इच्छा होती. परागकडे त्याचं सॉफ्टवेअर होतं. "काका, नुसतं वाजवा आणि फाइल पाठवा. बाकी कॉम्प्युटर करतो. इट्स ग्रँड!"

कॉम्प्युटर काय करतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. कीबोर्डवरून लॅपटॉपकडे जाते ती मिडी फाइल. तिच्यात सूर ऐकू येण्यासारखं काही नसतं. कोणती पट्टी दाबली, कोणत्या क्षणी, किती जोराने आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद असते. त्यातून लय कागदावर आणायची तर सॉफ्टवेअर प्रत्येक मात्रेचे सारखे भाग पाडतं आणि प्रत्येक सूर जवळच्या रेषेवर ओढून बसवतं. भाग किती बारीक पाडायचे हे माणूस ठरवतो. जाड पाडले तर कागद स्वच्छ दिसतो, पण रेषांच्या मधलं सगळं पुसलं जातं. फार बारीक पाडले तर केसाएवढा फरकही लिहिला जातो आणि कागदावर मुंग्यांची रांग लागते. आजोबांनी कानात ठोक्याची टिकटिक लावून चाल वाजवली. परागने भाग जाड ठेवले, आणि उशिराची चौथी मात्रा मुकाट्याने सरकून ठोक्यावर जाऊन बसली.

कागद आला तेव्हा आजोबांनी फोन केला, स्पीकर चालू ठेवून. "अरे पराग, चौथी थोडी मागे आहे, ती मुद्दाम घेतलीय."

"काका, वय झालं की सगळ्यांचंच मुद्दाम होतं!" पराग मोठ्याने हसला. "मतलब, हात मागे पडतो तुमचा. मी करेक्ट केलंय, टेन्शन नका घेऊ."

ईरा, तोच कागद तुझ्याकडे आला, तू बघून वाजवलंस, व्हिडिओ पाठवलास आणि विचारलंस, "आजोबा, इज इट अ मार्च?" पाळण्याची चाल तुला शिपायांच्या कवायतीची धून वाटली. तुझी काही चूक नव्हती, तू लिहिलं होतं तेच वाजवलंस. त्यांनी तुला शाबासकी दिली. मग कपाची बशी आवाज करते इतपत कापणारा आपला हात बघत मला म्हणाले, "अगं, तो म्हणतोय ते खरं असेल. हात गेला माझा..." त्यानंतर त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. थोड्याच दिवसांत झोपेत गेले. मी पराग जबाबदार आहे असं म्हणत नाही, त्यांचं हृदय थकलेलंच होतं. पण आयुष्यभर लयीत जगलेला माणूस आपण बेताल झालो असं समजून गेला, आणि ते त्यांना परागने समजावलं.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. फाइल परागला पाठवण्याआधी तिची एक प्रत मी जपून ठेवली होती, माझी सवयच तशी. मी आत्याकडून ते सॉफ्टवेअर लावून घेतलं आणि नोंदी वाचू लागले. कापरा हात कधी पुढे पडेल, कधी मागे, कुठेही. इथे मात्र पहिली मात्रा ठोक्यावर, दुसरी, तिसरी ठोक्यावर, आणि चौथी प्रत्येक आवर्तनात मागे, जवळजवळ तेवढ्याच अंतराने. थकलेल्या हाताला असं चुकता येत नाही. हे मला ज्या माणसाला सांगायचं होतं, तो मात्र आता नव्हता.

गटाने आजोबांसाठी ऑनलाइन कार्यक्रम ठरवला. पराग म्हणाला, "काकू, काकांची चाल मी वाजवतो, क्लीन व्हर्जन." मी म्हटलं, "वाजव की. आदल्या दिवशी घरी ये, त्यांच्याच कीबोर्डवर वाजव, मी रेकॉर्ड करते." तो आला, मास्क लावून, बायकोने केलेले लाडू घेऊन. मी चहा दिला, कानात टिकटिक लावून दिली. त्याने मन लावून वाजवलं.

कार्यक्रमात ते रेकॉर्डिंग संपलं आणि मी माझा स्क्रीन सगळ्यांना दाखवला. त्याचीच फाइल, भाग सगळ्यात बारीक ठेवून लिहिलेली. पानभर काळे ठिपके, तुटक विराम, एकमेकांना बांधलेले तुकडे.

"अरे बापरे, काय हे?" कुणीतरी म्हणालं.

"हा परागचा हात," मी म्हटलं. "करेक्ट न केलेला."

"काकू, असं नसतं हो!" पराग घाईघाईने म्हणाला. "कुणाचाही हात असाच दिसेल. माणूस आहे ना, थोडं इकडेतिकडे होतंच. त्याचा अर्थ वाजवता येत नाही असा नसतो!"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "हेच वाक्य काकांना सांगितलं असतंस तर?"

परागने कॅमेरा बंद केला. नंतर आत्या म्हणाली, "आई, फार झालं गं. वाईट नाहीये तो." नसेल. तरी मला बरं वाटलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडले.

परवा त्याचा निरोप आला, अगदी नरमाईचा. मूळ फाइल त्याच्याकडे उरली नाही, दुरुस्त केलेलीच जतन झाली. काकांनी वाजवलेली तशीच्या तशी मिळेल का? एकदा नीट ऐकायचंय... मी कळवलं, नाही.

ती फाइल या पत्राबरोबर फक्त तुम्हा दोघांना पाठवते आहे. ईरा, कागद बाजूला ठेव आणि कानाने शीक. दुपारी भाजी निवडताना मी ती कीबोर्डवर लावते. पट्ट्या हलत नाहीत, पण त्यांनी दाबल्या तेवढ्याच जोराने, त्यांनी दाबल्या त्याच क्षणी सूर येतात. चौथ्या मात्रेशी माझाही हात जुडीवर थांबतो आणि ती आली की पुढचं पान खुडतो. काल मधेच परागचा फोन वाजला. मी उचलला नाही. चाल चालू होती.